बीडची गाडी, घरचे रूळ

श्रोतेहो, बीडहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. मार्गाची मंजुरी १९९५-९६ ची! आतां तिचा डबा घरच्या छोट्या रेल्वेंत आणावा म्हटलें, तर इतिहास आडवा येतो. १८५३ सालीं मुंबई-ठाणे मार्गावर रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर होतें. बीडासही तेंच आहे. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग १९.३ मिलिमीटर होतो. त्या मापाचे बाजारी रूळ मात्र १६.५ मिलिमीटरांचे, कारण ते युरोपच्या १,४३५ मिलिमीटरांवरून बेतलेले. पुष्कळ हौशी मंडळी एवढें चालवून घेतात. मला तें पटत नाहीं. डब्यास लांब आंस बसवावे, रूळही घरींच घालावे. वेळ लागेल, पण बीडकरांना थांबण्याची संवय आहेच.