भुयारी खदानीत उतरण्याआधी : प्रशिक्षण, तपासणी आणि कागद, कामगाराला माहीत हवंच असं

भंडारा : ‘उद्यापासून ये, सकाळच्या पाळीत लाव तुला.’ खदानपट्ट्यातल्या गावांत अनेक तरुणांची नोकरी ठेकेदाराच्या या एका वाक्यावर सुरू होते. धानाची कापणी आटोपली, हाताला काम नाही, घरी पैसा हवा. पोरगा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघतो. पण भुयारी खदान म्हणजे रोजगार हमीचं काम नव्हे. प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय कुणालाही खाली उतरवता येत नाही. हे कामगारावरचे उपकार नाहीत, नियमच तसा आहे. हा नियम पाळला तर जीव वाचतो, आणि दुर्दैवाने काही घडलंच तर घरच्यांचा हक्कही त्याच कागदांवर उभा राहतो.

आपल्या भागातल्या भुयारी खदानी

भंडारा, नागपूर आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मॅंगनीजचा मोठा पट्टा आहे. इथलं खाणकाम 1896 पासूनचं. 1962 मध्ये मॉईल ही कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. तुमसर तालुक्यातील चिखला, रामटेक तालुक्यातील कांद्री आणि मनसर, सावनेर तालुक्यातील गुमगाव या भुयारी खदानी. तुमसर तालुक्यातलीच डोंगरी बुजुर्ग मात्र उघडी खदान आहे. बालाघाटची भरवेली खदान देशातल्या सर्वांत खोल मॅंगनीज खदानींपैकी एक मानली जाते.

उघड्या खदानीत डोक्यावर आभाळ असतं. भुयारात डोक्यावर दगड असतो. हवा पंख्याने आणावी लागते, उजेड टोपीवरच्या दिव्याचा, आणि बाहेर पडायचे रस्ते मोजकेच. त्यामुळे वर चालून जाणारी चूक खाली चालत नाही.

कायदा कोणता लागतो?

खाण कामगारांसाठी सात दशकं 1952 चा खाण कायदा होता. त्याखाली 1955 चे खाण नियम, 1961 चे धातू खाणींचे विनियम आणि 1966 चे खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि खाण कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला. संक्रमणकाळात जुन्या नियमांतल्या संबंधित तरतुदी चालू राहतील, असं केंद्रीय कामगार मंत्रालयाने तेव्हाच स्पष्ट केलं. या लेखातले आकडे त्याच कायदा-नियमांतले आहेत.

देखरेखीचं काम खाण सुरक्षा महासंचालनालयाचं. हे केंद्र सरकारचं खातं आहे. मुख्यालय धनबादला, तर विदर्भासाठी जवळचं कार्यालय नागपूरला. तहसील कार्यालय किंवा जिल्हा खनिकर्म अधिकारी परवाना, स्वामित्वधन पाहतात. कामगाराच्या सुरक्षेचा प्रश्न मात्र या महासंचालनालयाकडे जातो. अनेकांची पहिली तक्रार इथेच चुकीच्या दारात जाते.

गावातल्या दगडखाणीचं काय?

‘आमची तर गिट्टीची खदान, आम्हाला कायदा कशाला?’ असं सर्रास ऐकू येतं. 1952 च्या कायद्यात इमारतीचा दगड, गिट्टी, मुरूम, साधी माती अशा खाणींना सूट होती, पण अटींवर. उघड्या खाणीची खोली 6 मीटरपेक्षा जास्त नको, कोणत्याही दिवशी 50 पेक्षा जास्त माणसं कामावर नकोत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या तरच सूट. सुरुंग लावला, की सूट संपली. आणि दगडासाठी जमिनीच्या पोटात शिरलं, तर सुटीचा प्रश्नच येत नाही.

उतरण्याआधीच्या चार गोष्टी

एक, वय. 18 वर्षांखालच्या कुणालाही खाणीत कामाला लावता येत नाही. शिकाऊ उमेदवारासाठी वेगळी तरतूद आहे. तीही 16 वर्षांवरील आणि देखरेखीखाली.

दोन, वैद्यकीय तपासणी. कामावर घेण्याआधी एकदा, आणि नंतर दर पाच वर्षांनी. छातीचा एक्स-रे त्यात महत्त्वाचा. ‘फॉर्म ओ’ मध्ये तंदुरुस्तीचा दाखला मिळतो. तपासणीची व्यवस्था मालकाने करायची असते.

तीन, व्यावसायिक प्रशिक्षण. वर्गातली माहिती आणि प्रत्यक्ष काम, दोन्ही. भुयारातल्या कामाचं प्रशिक्षण वेगळं, उघड्या खाणीचं वेगळं. उघड्या खाणीत दहा वर्षं काढलेला माणूसही भुयारात नवखाच धरला जातो. जुन्या कामगारांसाठी उजळणीचं प्रशिक्षणही नियमात आहे.

चार, नोंद. कामगार नोंदवहीत नाव, वय, पत्ता, वारस, कामाचं स्वरूप लिहिलेलं हवं, आणि रोजची हजेरीही. ज्याची हजेरी नाही, तो त्या दिवशी खाली होता हे सिद्ध करणं कुटुंबाला फार जड जातं.

प्रशिक्षणात शिकवतात ते नेमकं काय?

*छत ठोकून पाहणं.* भुयारातला सर्वांत जुना धोका म्हणजे वरून सुटणारा दगड. सब्बल, म्हणजे पहार, छताला ठोकली की टणक दगड खणखणीत वाजतो. आवाज पोकळ, भदभद आला तर दगड आतून सुटलेला आहे, असं समजायचं. असा सैल दगड पाडण्याला खदानीत ‘ड्रेसिंग’ म्हणतात. उभं राहायचं ते पक्क्या छताखाली, सब्बल अंगाच्या रेषेत धरायची नाही, आणि मागे पळायची वाट आधी मोकळी करायची. सुरुंग उडाल्यावर छत पुन्हा तपासावं लागतं, कारण काल पक्कं असलेलं आज तसंच असेल याची खात्री नसते. टेकू, रूफ बोल्ट लावायचं राहिलं असेल, त्या जागेत पाऊल टाकायचं नाही.

*सुरुंगाचं काम.* भोकं भरणं आणि उडवणं हे फक्त प्रमाणपत्रधारक ब्लास्टरचं किंवा त्या कामाला पात्र ठरवलेल्या माणसाचं काम. डिटोनेटर आणि बारूद वेगवेगळ्या डब्यात न्यायचे. भोक ठासायला लाकडी दांडा, लोखंडी सळई कधीच नाही. किती भोकं भरली आणि किती आवाज आले, हे मोजायचं. आवाज कमी आले तर एखादा सुरुंग ‘मिसफायर’ झाला आहे असं धरायचं. वातीचा सुरुंग असेल तर तिथे 30 मिनिटं कुणी जायचं नाही. न उडालेल्या भोकाला हात लावायचा नाही, त्यातून बारूद उकरायची नाही. जुन्या भोकाच्या उरलेल्या बुडात नवं ड्रिल लावायला सक्त मनाई आहे. तिथे उरलेली बारूद ड्रिलच्या धक्क्यानेही उडू शकते.

*हवा.* स्फोटानंतरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे विषारी वायू असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा साफ झाली असं नाही. नियमानुसार काम चालतं त्या जागी हवेत ऑक्सिजन 19 टक्क्यांपेक्षा कमी आणि कार्बन डायऑक्साइड 0.5 टक्क्यापेक्षा जास्त नसावा. कुणी आत बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे तसंच धावत जायचं नाही. गावातल्या विहिरीत एकामागोमाग उतरून जीव जातात, तसाच प्रकार इथेही होतो.

*पाणी.* जुन्या, सोडून दिलेल्या भुयारांत पाणी साचलेलं असतं. अशा जागेच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही. 27 डिसेंबर 1975 रोजी झारखंडमधल्या (तेव्हाच्या बिहारमधल्या) चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसून सुमारे 375 कामगार गेले. भिंतीतून अचानक पाझर वाढला, पाणी गढूळ यायला लागलं, तर मेटला लगेच सांगायचं आणि बाहेर पडायचं. पावसाळ्यात तर जास्तच.

*घंटेचे ठोके.* पिंजऱ्यातून शाफ्टमध्ये ये-जा होते तिथे इशाऱ्याचे ठोके पाठ हवेत. पिंजरा चालू असताना एक ठोका म्हणजे थांबवा. थांबलेला असताना एक म्हणजे वर घ्या, दोन म्हणजे खाली सोडा. तीन ठोके म्हणजे माणसं बसणार आहेत. घंटा नेमलेल्या माणसानेच द्यायची.

दिसत नाही तो धोका : धूळ

दगड पडला तर लगेच कळतं. धुळीचं वर्षांनी कळतं. दगडातल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि टीबीचा धोकाही वाढतो. खोकला, दम लागणं, वजन घटणं ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखी, म्हणून अनेकदा फक्त टीबीचे उपचार चालू राहतात. डॉक्टरला ‘मी इतकी वर्षं खदानीत ड्रिल मारलं’ हे स्वतःहून सांगणं म्हणून गरजेचं. मॅंगनीजच्या धुळीचा मज्जासंस्थेवरही परिणाम होऊ शकतो: चालताना तोल जाणं, हातपाय ताठरणं, बोलणं अडखळणं.

यावरचा साधा उपाय म्हणजे पाणी मारत ड्रिल करणं. कोरडं ड्रिल लवकर होतं, म्हणून घाई असली की पाण्याची नळी बाजूला पडते. तोंडाला बांधलेला गमछा ही बारीक धूळ अडवत नाही.

अपघात झाला तर

जीव गेला किंवा गंभीर इजा झाली, तर खाण व्यवस्थापनाने ताबडतोब महासंचालनालयाला कळवायचं असतं. 1952 च्या कायद्यातल्या कलम 23 नुसार त्या सूचनेची प्रत फलकावर किमान 14 दिवस लावायची, आणि निरीक्षक येईपर्यंत अपघाताची जागा हलवायची नाही. निरीक्षक 72 तासांत आला नाही, तरच काम पुन्हा सुरू करता येतं. अडकलेल्यांना वाचवण्यासाठी जागा हलवायला अर्थातच मनाई नाही.

‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ हे उत्तर पुरेसं नाही. ठेकेदारावर जबाबदारी आली म्हणून खाणमालकाची सुटत नाही. भरपाईचा दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा असतो. सिलिकोसिससारखे आजारही भरपाईच्या यादीत आहेत.

घरात जपून ठेवायचे कागद

- प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- ‘फॉर्म ओ’ चा दाखला आणि एक्स-रे
- नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र
- पगारचिठ्ठ्या, पीएफ क्रमांक
- ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि त्याचा ठेका कोणत्या खदानीत, याची नोंद

यांचे फोटो मोबाइलमध्ये असावेत, पण एक प्रत बायको किंवा आईवडिलांकडेही हवी. कामगार खाली असतो तेव्हा त्याचा मोबाइल वरच राहतो.

हेल्मेट, बूट मालकाने मोफत द्यायचे. भुयारात पाळी आठ तासांची, आठवड्याचे 48 तास. शंभरपेक्षा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा समिती असते आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी बसतात. पोकळ वाजणारं छत, बंद पडलेला पंखा, कोरडं ड्रिल या तक्रारी आधी मेटकडे, मग या समितीत, आणि तिथे भागलं नाही तर लेखी स्वरूपात नागपूरच्या कार्यालयात नेता येतात.

‘उद्यापासून ये’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला एकच प्रश्न विचारावा : ‘ट्रेनिंग आणि मेडिकल कधी?’ त्याचं उत्तर मिळेपर्यंत डबा घरीच ठेवलेला बरा.