बुराडीचा घाट आणि इतिहासाचा तास

यमुनेच्या पूर्वतीरावर, आज जिला नोएडा म्हणतात त्या नगरीच्या गोल्फ मैदानात, इंग्रजांनी उभारलेला एक स्तंभ आहे. 11 सप्टेंबर 1803 रोजी या स्थळाजवळ जनरल लेक याने लुई बोर्किन या फ्रेंच सेनानीच्या हाताखालील मराठी फौजेचा पराभव केला, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. ही लढाई पटपडगंजची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यानंतर पाचच दिवसांनी लेक लाल किल्ल्यात अंध शाहआलमपुढे उभा राहिला आणि महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये वकील-इ-मुतलक होऊन ज्या तख्ताचा कारभार हाती घेतला होता, ते तख्त कंपनी सरकारच्या आश्रयास गेले. त्या पटपडगंजात आज वसाहती दाटीने उभ्या आहेत आणि तेथून रोज सकाळी शाळेची बस पकडणाऱ्या मुलामुलींच्या लेखी ते नाव म्हणजे घराच्या पत्त्यातील एक शब्द, याहून अधिक काही नाही.

यात त्या मुलांचा दोष तिळमात्र नाही. दिल्लीतील बहुतेक शाळा ज्या केंद्रीय अभ्यासक्रमाने चालतात, त्यात मराठ्यांचा उदय आणि पानिपतचा प्रसंग सातव्या-आठव्या इयत्तेतच उरकून जातो. आणि 2005 च्या आराखड्यानुसार तयार झालेल्या पुस्तकांत नवव्या इयत्तेचा विद्यार्थी इतिहासाचे पुस्तक उघडतो तो फ्रेंच राज्यक्रांतीने. जगाचा इतिहास शिकवू नये, असे माझे मत मुळीच नाही. उलट पॅरिसमधील जनतेने 14 जुलै 1789 रोजी बास्तीलचा तुरुंग फोडला हे ज्याने वाचले, त्यालाच हे सांगण्यात अर्थ आहे की, त्याच्या अवघ्या अकरा महिने आधी, 1788 च्या ऑगस्टात, गुलाम कादिर रोहिल्याने याच दिल्लीच्या किल्ल्यात बादशहाचे डोळे काढविले होते आणि पुढल्या दोन-तीन महिन्यांत राणेखानादी शिंद्यांच्या सरदारांनी ते शहर व तो किल्ला सोडविला होता. एका राजधानीत प्रजा राजसत्तेवर उठते आणि दुसरीत राजसत्ता भाडोत्री फौजांच्या हाती उरते. या दोन चित्रांना शेजारी मांडून का, हे विचारण्याचा अवसर पंधराव्या वर्षाच्या मुलाला मिळाला, तर त्या तासाचे चीज झाले असे समजावे.

मुले पुस्तकाला प्रश्न विचारू शकतात, याचा दाखला आपल्याच भाषेत आहे. ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये इंग्रजीत निघाला, लौकरच त्याचा मराठी तर्जुमा झाला आणि तो शाळांतून चालू लागला. चाळीस वर्षे तो निमूटपणे वाचला गेला. मग 1867-68 च्या सुमारास पुण्यातील नीलकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या विद्यार्थ्याने, म्हणजे अद्याप स्वतः अध्ययन करीत असलेल्या तरुणाने, त्या मान्यवर ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला, आणि तो 'विविधज्ञानविस्तारा'त छापून आला. कीर्तन्यांचे सर्व आक्षेप आज टिकतील असे नव्हे. परंतु मूळ कागद पाहिल्यावाचून कोणाचेही म्हणणे रुजू करून घ्यावयाचे नाही, हा शिरस्ता मराठीत तेथून पडत गेला, आणि राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड, प्रामुख्याने पानिपतपूर्व दशकातील पत्रांचा, प्रसिद्ध केला तो त्याच वाटेने.

पानिपत हे तर या शिक्षणाचे उत्तम साधन आहे, आणि दिल्लीच्या शाळांना ते भूगोलानेच आणून दिले आहे. शहराच्या उत्तरेस बुराडीच्या घाटावर 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी शिंदे पडले. त्यांचे अखेरचे उद्गार मराठी घरांत मुलांना पाठ असतात. तथापि ते उद्गार आपल्यापर्यंत बखरीने आणले, आणि बखर ही प्रसंग घडून गेल्यावर, श्रोता समोर धरून लिहिलेली. त्यावरून ते खोटे ठरत नाहीत, मात्र ते कोणी, कधी व कोणासाठी लिहिले हे विचारणे प्राप्त होते. तसेच मराठी फौजेचे सेनापती असलेल्या भाऊसाहेबांनी 1760 च्या ऑगस्टात दिल्ली घेतल्यावर दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली, ही गोष्ट घ्या. किती लाख रुपये झाले, यावर साधनांत एकवाक्यता नाही. पण दिल्लीतील दरबारी लेखकास त्यात अनाचार दिसतो, आणि मराठी पत्रे वाचणारास पगारावाचून ताटकळणारी फौज व हात आखडलेला खजिना दिसतो. शाळेची सहल तेथे जाते, मुले आताचे लाकडी छत पाहतात आणि खाली येतात. त्या छताखाली ही दोन म्हणणी एकदा मोठ्याने वाचून दाखविली तर वेळ फारसा लागत नाही.

पानिपतचे आणखी दोन साक्षीदार मला विशेष प्रिय आहेत. पहिला काशीराज पंडित, दक्षिणी ब्राह्मण परंतु अयोध्येच्या शुजाउद्दौल्याचा नोकर. भाऊंकडील निरोप आणि शुजाचे उत्तर यांच्या मधला हा माणूस, युद्धप्रसंगी पलीकडच्या छावणीत होता, आणि सुमारे वीस वर्षांनी, 1780 च्या आसपास, त्याने त्या युद्धाची हकीकत फारसीत लिहिली. मराठी माणूस, फारसी लेखणी, शत्रुपक्षाची चाकरी आणि वीस वर्षांचे अंतर: यांतील एकेका घटकाने त्याच्या साक्षीस काय दिले व काय हिरावले, हा प्रश्न कोणत्याही परीक्षकाने घालावा असा आहे. दुसरा साक्षीदार नाना फडणीस. लढाईच्या दिवशी तो अवघा अठरा वर्षांचा, मातोश्रींसह तीर्थयात्रेच्या हेतूने आलेला. रणांगणातून जीव घेऊन निघाला, आई मात्र हरपली. त्याने आपले आत्मचरित्र पुढे लिहिले, त्यात डावपेचांपेक्षा भय आणि पश्चात्ताप अधिक आहे. यांच्या जोडीला दिल्लीतील वकील हिंगणे यांची दरबारी पत्रे ठेवली, की घटना एकच पण ती पाहणारे डोळे किती परस्परभिन्न, हे वर्गास उमजते. पहाडगंजातील नूतन मराठी शाळेत मराठी मुले इतर भाषिकांबरोबर शिकतात. तेथे हा पाठ जमला तर पेशव्यांविषयीचे मराठी प्रेम आणि दिल्लीकरांचे पिढीजात गाऱ्हाणे यांची गाठ एकाच बाकावर पडेल.

पाठ्यपुस्तकांचा झगडा हाही दिल्लीचाच. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद 1961 मध्ये स्थापन झाली, रोमिला थापर यांची पुस्तके त्या दशकात शाळांत गेली. जनता सरकारच्या काळात रामशरण शर्मांचे 'प्राचीन भारत' 1978 मध्ये अभ्यासक्रमातून निघाले. 2002 मध्ये नवी पुस्तके, 2006 पासून पुन्हा नवी, 2023 मध्ये बारावीतील मुघल दरबाराचे प्रकरण वगळले. हुकूम फिरले की धडे फिरतात. धडे बदलणारे आणि त्यांना विरोध करणारे या दोन्ही बाजूंच्या भाषणांत एक गोष्ट समान आढळते, ती अशी की, धड्यात जे छापले ते मुलाच्या मनात जसेच्या तसे उतरेल, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. कीर्तन्यांचे उदाहरण या गृहीताच्या विरुद्ध आहे.

परीक्षेचा ढाचा मात्र त्या गृहीतास पोषक आहे. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत मूळ उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची पद्धत आहे, ती चांगली आहे. पण उत्तर उताऱ्यातच सापडत असल्याने मुले ते उचलून लिहितात आणि गुण मिळवितात. काशीराजाचा एक परिच्छेद व हिंगण्यांचे एक पत्र असे दोन उतारे एकत्र देऊन, दोघांत विसंगत काय आणि त्याचे कारण काय, एवढेच विचारावे. शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासण्यास वेळ अधिक लागेल, हा या सूचनेवरील खरा आक्षेप आहे, आणि तो दूर करण्याचे काम परीक्षा मंडळाचे आहे.