नाताळच्या विंदालूचा पूर्वेतिहास

नाताळांत आपल्या पानांत पडणारें विंदालू मूळचें पोर्तुगालचें : द्राक्षमद्य व लसूण ह्यांत मुरविलेलें मांस. पोर्तुगीज गोव्यांत १५१० त व वसईस १५३४ त आले. येथें मद्याच्या जागीं माडीचा शिरका आला आणि अमेरिकेहून आणलेली मिरची त्यांत पडली. वसई १७३९ त त्यांच्या हातून गेली, परंतु कृति चुलीपाशीं सासूनें सुनेस तोंडीं सांगितली म्हणून टिकली. नांवांतील 'आल्यु' म्हणजे लसूण. त्यास 'आलू' समजून कित्येक खाणावळवाले बटाटे घालितात, ह्याचें हंसूं येतें! मदेइरा बेटांतही नाताळास हेंच मांस रांधितात. तेथून १८३५ त मजूर गयानास गेले. तिकडेही नाताळच्या सकाळीं पुष्कळ घरीं त्याच लसणीचा वास दरवळतो.