विहिरीचा मालक

गेल्या महिन्यात सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि कुंडलच्या शिवारातली एक विहीर माझी झाली. फ्लॅटचे हप्ते सोडले तर आजवर मी कशाचाच मालक नव्हतो. बाबा पाठीला पत्र्याचा डबा बांधून याच विहिरीत पोहायला शिकले. त्यांच्या पिढीचा स्विमिंग पूल तो हाच! आता आत हिरवं शेवाळ, पिशव्या, आणि काठावर फुटलेला पिंपळ. चुलते, म्हणजे आबा, म्हणाले, "बुजवून टाक की. कुणाचं पोरगं पडलं तर निस्तरायचं तुलाच."

म्हणणं खोटं नाही. पण जुना कोड हातात आला की आपण तो लगेच डिलीट करत नाही, आधी त्याची हिस्टरी बघतो. तसंच केलं.

पूर्वी विहिरीवर मोट चालायची. बैल धावेवरून खाली उतरले की चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. रोज उपसा, म्हणून पाणी ताजं. मोटकरी दिवसभर तिथेच, म्हणून पोहणाऱ्या पोरांवर लक्ष. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळ काढून झरे मोकळे करायचे. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर बघा. विरूबाईंनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. आत चक्क महाल आहे, पण मुळात काम काय, तर आमराईला पाणी पाजायचं.

मग मोट गेली कुठे? गंमत म्हणजे याचं एक उत्तर कुंडलच्या शेजारीच आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ दिला. नुसता निवडुंग आणि साप. तेही पडीक मालमत्तेचे नवे मालकच म्हणायचे! तीच किर्लोस्करवाडी. आधी लोखंडी नांगर, पुढे पंप. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. इंजिनामागून वीज आली आणि 1972 च्या दुष्काळानंतर बोअरवेल गावोगाव पोचल्या.

हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. मोटेच्या गाण्यांनी गहिवरणाऱ्यांनी एकदा पहाटे बैलांमागे धावेवर मागे-पुढे करून बघावं. पण पाणी बोअरमधून येऊ लागलं आणि विहिरीकडे जायचं कारणच संपलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात आहे, पोहराच गेला.

तेव्हा ठरलं, बुजवायची नाही. आधी पुरुषभर कठडा आणि कुलपाचं दार. मग विजेच्या पंपाने उपसा, नंतर जाणत्या माणसांकडून गाळ. जुन्या विहिरीत विषारी वायू साचतो, शिवाय डिझेल इंजिन आत उतरवलं तर धुराने माणसं जातात. त्यामुळे हौसेने स्वतः उतरायचं नाही.

आणि रोजचा उपसा? आबांना विचारलं, पाणी तुमच्या उसाला घ्याल का? थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "घेतो. पण पंपाचं बिल तू भरायचं."

भरतो. पोहायचं पुढच्या उन्हाळ्यात बघू.