मिठात मुरलेली मोटार

निवृत्त माणसांचे ढोबळमानानं तीन प्रकार पडतात. पहिला ज्ञानेश्वरी वाचायला घेतो, दुसरा सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि तिसरा एखादी जुनी वस्तू दुरुस्तीला काढतो. पहिल्यापासून कुणालाच त्रास नसतो. दुसऱ्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. तिसऱ्याचा मात्र थेट बायकोला होतो, कारण जुन्या वस्तूचे सुटे केलेले भाग ठेवायला शेवटी स्वयंपाकघरच सापडतं.

माझा मेहुणा सुधाकर हा तिसऱ्या प्रकारातला. साताऱ्याचा हा मुलगा तरुणपणी इंग्लंडात गेला, ऑक्सफर्डजवळ स्थायिक झाला, जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून १९७१ सालची एमजीबी घेऊन आला. घेऊन आला म्हणजे ट्रेलरवर घालून आणली. स्वतःच्या पायांनी यायची तिची परिस्थिती नव्हती. आम्ही उभयता त्या उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडेच होतो, त्यामुळे पुढचं रामायण सगळं डोळ्यांदेखत घडलं.

"दाजी, अस्सल टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे!" सुधाकर म्हणाला.

मी आत डोकावलो. दोन्ही सीटांत उंदरांनी बिऱ्हाडं केली होती. त्या हिशेबानं गाडी चांगली वीस-पंचवीस जणांची होती.

आता खरं सांगायचं तर एमजी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर महात्मा गांधी रोड येतो. तुमच्याही येत असेल. पण या एमजीचा अर्थ 'मॉरिस गॅरेजेस' असा आहे. विल्यम मॉरिस नावाचा ऑक्सफर्डचा एक पोरगा. वयाच्या सोळाव्या वर्षी चार पौंडांच्या भांडवलावर त्यानं सायकलदुरुस्ती सुरू केली. सायकलीवरून मोटारींवर गेला आणि पुढे इंग्लंडातला सर्वांत मोठा मोटारवाला होऊन लॉर्ड नफिल्ड झाला. त्याच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजात १९२१ साली सेसिल किंबर नावाचा गृहस्थ विक्रीखात्यावर नोकरीला लागला आणि वर्षभरात मॅनेजर झाला. मालकाच्या गाड्या मजबूत पण दिसायला अगदीच पापभीरू. किंबरनं त्याच गाड्यांवर देखणी, बुटकी, चटपटीत बॉडी चढवायला सुरुवात केली आणि १९२४ पासून त्यांच्यावर एमजीचा अष्टकोनी बिल्ला लागला. थोडक्यात, ही स्पोर्ट्स कार म्हणजे घरातल्या साध्या भाकरीच्या पिठाचीच, पण हात कुशल असल्यामुळे जमलेली मिठाई.

१९२९ साली एमजीचा कारखाना ॲबिंग्डनला एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या इमारतीत गेला. किंबरच्या नशिबात मात्र सुखाचा शेवट नव्हता. युद्धाच्या काळात वरच्यांना न विचारता विमानाच्या भागांचं काम घेतल्यावरून १९४१ साली त्याला काढून टाकलं. आणि १९४५ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाबाहेर बोगद्यातल्या चढावर घसरून मागं आलेल्या आगगाडीच्या अपघातात तो गेला. जन्मभर लोकांना वेगानं पुढे पळवणारा माणूस उलट्या जाणाऱ्या गाडीत जावा, याला काय म्हणायचं?

त्याच वर्षी त्याच्या पश्चात एमजी टीसी बाजारात आली. बॉडीचा सांगाडा चक्क लाकडाचा, ॲश नावाच्या झाडाचा. १९४९ पर्यंत अशा दहा हजार गाड्या झाल्या. युद्धानंतर इंग्रज सरकारला डॉलर हवे होते आणि इंग्लंडात तळ ठोकून राहिलेल्या अमेरिकन शिपायांना या चिमुकल्या गाडीनं वेड लावलं होतं. स्टिअरिंग उजवीकडे, रस्त्याची बाजू उजवी, तरी अमेरिकनांनी ती डोक्यावर घेतली. प्रेमात पडलेला माणूस बाजू बघत नाही. मग १९५५ ते ६२ या काळात एमजीए आली, तिनं लाखाचा आकडा ओलांडला. आणि १९६२ साली एमजीबी आली, ती पाच लाखांच्या वर गेली. त्या पाच लाखांतली एक आमच्या सुधाकरच्या दारात, कोंबड्यांच्या खुणा अंगावर मिरवत उभी होती.

पहिले पंधरा दिवस गाडी दुरुस्त होत नव्हती, ती फक्त कमी होत होती. रोज थोडी थोडी. सुधाकर पान्यानं एकेक भाग सोडवायचा, डब्यात ठेवायचा, डब्यावर चिठ्ठी लावायचा. नलिनीच्या फ्रीजवर 'डावा दिवा, स्क्रू चार' असा डबा दिसू लागला. एकदा तिनं मला चहात घालायला साखर म्हणून दिलेल्या डब्यात वायसर निघाले.

"दाजी, चालेल ना? तुम्हाला डॉक्टरांनी साखर बंदच सांगितली आहे," ती म्हणाली.

खरा शत्रू निघाला गंज. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे मीठ घातलं की लोणचं वर्षानुवर्षं टिकतं. मोटारीचं उलटं असतं. मिठाचं पाणी चाकांनी उडतं आणि दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ नळीत, तिला तिकडे सिल म्हणतात, जाऊन मुरतं. वरून रंग छान, आतून भुसा. आणि एमजीबीला वेगळी चासी नसते, तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. वर छप्पर नसल्यामुळे सगळा भार या सिलवर. सुधाकरनं स्क्रू-ड्रायव्हरनं सिल जरा टोचली, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

ही सिल कापायची म्हणजे मोठं जोखमीचं काम. सरळ कापली तर गाडी मधोमध खचते आणि मग दारं जन्मात बसत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी बार वेल्डिंग करून ठोकायचे, दारांच्या फटी मोजायच्या, मग एक बाजू कापायची, नवी जोडायची, पुन्हा फटी मोजायच्या आणि त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात लावायचा. आमच्या वाड्याची तुळई बदलताना मिस्त्रीनं असेच टेकू दिले होते. फरक एवढाच, की मिस्त्री दर तासाला चहा मागायचा आणि सुधाकर दर तासाला बँडेज मागायचा.

इथंच घरात वाद पेटला. झालं असं, की एमजीबीची अख्खी नवी बॉडी विकत मिळते! मला आधी ही थाप वाटली. पण हकीकत खरी आहे. १९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनकरांनी आपल्या कारखान्याच्या पन्नाशीचा उत्सव थाटानं केला आणि उत्सव आटोपतो न आटोपतो तोच मालक ब्रिटिश लेलँडनं कारखाना बंद करणार असल्याचं जाहीर केलं. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि दाराला कुलूप लागलं. तरी पत्रा दाबायचे मूळ साचे शिल्लक होते. ब्रिटिश मोटर हेरिटेजच्या लोकांनी ते हुडकून गोळा केले आणि १९८८ पासून फॅरिंग्डन गावी त्याच साच्यांतून एमजीबीच्या नव्या बॉड्या काढायला सुरुवात केली. गाडी बंद होऊन आठ वर्षं झालेली, आणि तिचं शरीर पुन्हा कोरं करकरीत! पुढे हा कारखाना विटनीला गेला. एवढंच नव्हे, हे बघून मूळ कंपनीलाही जाग आली आणि १९९२ साली तिनं त्याच बॉडीवरून आरव्हीएट नावाची गाडी काढली. जेमतेम दोन हजार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. नातवाच्या मुंजीत आजोबांनी पुन्हा बोहल्यावर चढावं, तसला प्रकार.

तेव्हा वाद असा: दहा हजार पौंडांच्या वर मोजून नवी बॉडी घ्यायची, की जुनीच ठिगळं लावून जगवायची?

"नवी बॉडी घेतलीस, चाकं नवी, सीट नव्या, वायरिंग नवं. मग जुनं काय राहिलं?" मी विचारलं.

"कर्ज," नलिनी आतून म्हणाली.

सुधाकरनं हिशेबनीसाला शोभेल असा मधला मार्ग काढला. सिल, जमिनीचा पत्रा आणि पुढची पाखं तेवढी त्या मूळ साच्यांतली घ्यायची. बाकी जेवढं जगेल तेवढं जगवायचं. माझ्या आजीची गोधडी अशीच होती. तिच्यातलं पहिलं लुगडं कुठलं, हे आजीलाही सांगता आलं नसतं. पण ती कुणाची गोधडी, याबद्दल घरात कधी शंका निघाली नाही.

मग इंजिनाची पाळी आली, आणि इथं या परक्या गाडीशी आमचं नातं निघालं.

झालं होतं असं, की १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन या दोन जुन्या वैरी कंपन्या एकत्र आल्या. मग एकच इंजिन सगळ्या भावंडांना मिळू लागलं. त्याचं नाव बी-सिरीज. हे १४८९ सीसीचं इंजिन दोन कार्बोरेटर लावून एमजीएत बसलं. तेच एक कार्बोरेटर लावून मॉरिस ऑक्सफर्डमध्ये बसलं. आणि मॉरिस ऑक्सफर्ड म्हणजेच कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात जन्मलेली आपली ॲम्बॅसडर! १९५९ च्या सुमारास हे इंजिन तिच्यात आलं आणि पुढे कित्येक वर्षं मंत्री, डॉक्टर, टॅक्सीवाले आणि वऱ्हाडं वाहत राहिलं. एमजीबीत त्याचंच मोठं भावंड, १७९८ सीसीचं.

सुधाकरचे वडील, म्हणजे माझे सासरे अण्णा, साताऱ्यात डॉक्टर होते. त्यांची १९६८ सालची ॲम्बॅसडर होती. थंडीच्या दिवसांत ती सेल्फवर चालू व्हायची नाही. मग सुधाकर पुढे उभा राहून हँडल मारायचा. अण्णा गेले तेव्हा एक मुलगा इंग्लंडात, मुलगी पुण्यात. गाडी परसात सात वर्षं उभी राहिली आणि शेवटी भंगारवाल्यानं ती वजनावर नेली. तेव्हा तिचे सुटे भाग कोणत्याही गावात मिळत होते. पाना धरणारं तेवढं घरात कुणी नव्हतं. सुधाकरनं भंगारवाल्याकडून फक्त हँडल मागून घेतलं. ते त्याच्या ऑक्सफर्डच्या गॅरेजात भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आहे. नलिनीनं मला हे हळू आवाजात सांगितलं आणि त्यानंतर मी डब्यांवरून विनोद करणं थांबवलं.

इंजिन उघडलं, घासलं, रिंगा-बेअरिंगं घालून पुन्हा बंद केलं. राहिले दोन एसयू कार्बोरेटर. हे एसयू म्हणजे 'स्किनर्स युनियन', जोडे विकणाऱ्या घराण्यातल्या स्किनर बंधूंचं विसाव्या शतकाच्या आरंभीचं डोकं. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात तर चामड्याचा भाता होता. दोन कार्बोरेटर सारखाच श्वास घेतात की नाही, हे बघायला सुधाकरनं रबरी नळीचं एक टोक कानात घातलं आणि दुसरं आळीपाळीनं दोघांच्या तोंडाशी धरलं. याचा फुत्कार जास्त, त्याचा कमी. स्क्रू पाव आटा फिरव, पुन्हा ऐक. अण्णा पेशंटच्या छातीला नळी लावून असेच मान तिरकी करून ऐकायचे. दोन तंबोरे जुळवावेत तसे अर्ध्या तासानं ते दोघे एका सुरात आले आणि इंजिन ठेक्यात चालू लागलं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ही हात पुसत धावत आली.

"काय गं ताई?" सुधाकरनं विचारलं.

"काही नाही. मला वाटलं..." ती म्हणाली आणि पुढचं काहीच बोलली नाही. घराणं एक असलं की गवय्या दिसायच्या आधी ओळखू येतो. सुधाकरनंही पुढे विचारलं नाही. इंजिन मात्र तो लगेच बंद करायचा, ते त्यानं दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं.

आता नावांचं काय झालं तेही सांगून टाकतो. एमजी हे नाव २००५ साली चीनच्या नानजिंगकडे आणि दोन वर्षांनी शांघायच्या कंपनीकडे गेलं. २०१९ पासून गुजरातेत हालोलला त्या नावाच्या गाड्या निघू लागल्या आणि आमच्या सोसायटीत दोन उभ्या आहेत. ॲम्बॅसडर २०१४ साली बंद पडली आणि तिचं नाव २०१७ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. म्हणजे नाव हातोहात जातं, त्याला गंज नाही, ठिगळ नाही. गाडी मात्र ज्याच्या नखांत ग्रीस आहे त्याच्याजवळच राहते. ॲबिंग्डनला कुलूप लागून चाळीस वर्षं उलटली, तरी एमजीबी रस्त्यावर आहे ती काही लोखंड चांगलं होतं म्हणून नाही. लोखंड कसलं होतं ते मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहिलं आहे. कुणीतरी साचे जपले आणि हजारो घरांत कुणी ना कुणी बायकोच्या शिव्या खात फटी मोजत बसला, म्हणून ती आहे.

सरकारही अशांना थोडा हात देतं. इंग्लंडात चाळिशी उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमानं पन्नाशी गाठलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळते. माणसाला या वयात नुसता चष्मा मिळतो.

आमच्या परतीच्या आधीच्या रविवारी गाडी रस्त्यावर आली. तारांची चाकं चकचकीत, मधल्या दोन कानांच्या नटावर तांब्याच्या हातोडीचे शेवटचे ठोके मारून झाले. जागा दोनच, त्यामुळे पहिल्या फेरीचा मान कुणाला यावर चर्चा झालीच नाही. सुधाकरनं दार उघडलं आणि ताईला बसवलं. मी आणि नलिनी फाटकाशी उभे राहिलो. दोघं ॲबिंग्डनपर्यंत जाऊन तासाभरानं परत आली. हिचे केस पार विस्कटले होते आणि डोळे लाल झाले होते. ते वाऱ्यानं, असं ती म्हणाली.

"कशी आहे गाडी?" मी विचारलं.

"बरी आहे," ती पदर सावरत म्हणाली. "पण अण्णांच्या गाडीत नऊ जण बसायचे."