मिनामाताचा पारा



कारखान्यातून बाहेर पडलेले द्रव्य कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत नाही. जपानमधील मिनामाता गावाचा इतिहास याची साक्ष देतो.

तेथे चिस्सो कंपनीने १९३२ साली ॲसिटाल्डिहाइड तयार करण्यास प्रारंभ केला. त्या क्रियेला गती देण्यासाठी पाऱ्याचा क्षार वापरीत. त्यातील काही पाऱ्याचे मिथिल पारा या विषारी संयुगात रूपांतर होई आणि ते सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. समुद्र एवढा मोठा, त्यात हे विरून जाईल असे वाटावे. परंतु पारा हे मूलद्रव्य आहे. ते जळून वा कुजून नाहीसे होत नाही. मिथिल पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत शिरतो आणि पायरीपायरीने त्याचे प्रमाण वाढते. शेवटची पायरी कोळ्याच्या ताटाची. अंगात गेलेल्या विषाचा निम्मा भाग बाहेर पडण्यास सुमारे ७० दिवस लागतात. रोज मासे खाणाऱ्याला तेवढी सवड कोठली? ते मेंदूत शिरते, आईच्या गर्भातही शिरते.

१ मे १९५६ रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी या अज्ञात रोगाची वर्दी सरकारी आरोग्य केंद्रास दिली. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून मांजराला दिले. तेही त्याच रोगाने लुळे पडले. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. सरकारने कारण मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी, म्हणजे ते उत्पादन मे महिन्यात बंद झाल्यावर!

आम्हा कामगारांनी वाचावे असे पान यापुढे आहे. १९५९ मध्ये सांडपाणी बंद करू नये, असे म्हणणाऱ्यांत कामगारांची संघटनाही होती. सांडपाणी बंद म्हणजे भाकरी बंद, ही भीती. १९६२ च्या मोठ्या संघर्षात संघटना फुटली. उरलेल्या जुन्या संघटनेने ऑगस्ट १९६८ मध्ये ठराव केला की, रोग्यांसाठी आपण लढलो नाही याची आपल्याला लाज वाटते. पुढे काही कामगार न्यायालयात कंपनीविरुद्ध साक्षीला उभे राहिले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले.

१९९० पर्यंत सुमारे १५ लाख घनमीटर दूषित गाळ ५८ हेक्टर भरावाखाली गाडण्यात आला. पारा तेथेच आहे. फक्त झाकला आहे. म्हणून पगाराची मागणी मांडणाऱ्या संघटनेने गटारातून काय वाहते हेही विचारले पाहिजे. गटाराच्या दुसऱ्या टोकालाही कष्टकरीच राहतो.