आज्ञापत्राची सुबोधता

सरकारी सूचना कशी लिहावी, याचा उत्तम पाठ जुन्या दप्तरांच्या रुमालांत बांधलेला आहे, असें आम्हांस वाटतें. चिपळुणाजवळील छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवछत्रपतींनीं इ. स. १६७० नंतरच्या पांच वर्षांत धाडलेलें पत्र पाहावें. कोणास लिहिलें, तें आरंभींच आहे. दाणा-वैरण बेतानें खर्चावी, रयतेस उपद्रव देऊं नये, रात्रीं दिवा जळता ठेवूं नये, असे हुकूम पुढें येतात. परंतु नुसत्या हुकुमावर पत्र थांबत नाहीं. वैरण आधींच सरली तर पावसाळ्यांत घोडीं मरतील. जळती वात उंदरानें नेली तर गवताच्या गंजी पेटतील. असें कारणही सोबत दिलें आहे. त्यामुळें हुकूम शिपायासही उमजतो.

अशा पत्रांच्या शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असते. मजकूर येथें संपला, पुढें कोणीं भर घालूं नये, हा तिचा अर्थ. कित्येक संग्राहक नक्कल करतांना मजकूर तेवढा उतरतात आणि सुहूर सन व मोर्तब गाळतात. ‘सीत सबैन अलफ’ हे तीन शब्द गळले कीं सुहूर १०७६, म्हणजे इ. स. १६७५-७६, हें वर्षच हरपतें. नक्कल पुरी करावी, एवढीच आमची विनंति आहे.